चर्चच्या पायरीवरचा हवालदार

१९९९च्या जूनमध्ये, कारगिलची लढाई चालू असताना, हिंगोलीच्या एसटी स्टँडसमोर आमचे शेजारी शमुवेलकाका यांना भरदिवसा बेदम मारहाण झाली. एकाहत्तरच्या लढाईतला हा हवालदार. मारणाऱ्यांपैकी एकानंही कधी बंदूक हातात धरलेली नव्हती.

काकांचा गुन्हा ऐका. चहाच्या टपरीवर पोरं पलीकडच्या मेलेल्या शिपायांवर हसत होती. काका म्हणाले, "लढाई आपली बराबर हाय. घुसले त्यांना हुसकायलाच पायजे. पण मेलेल्यावर हसून काहून राहिले, लेकरांनो? मी मारलेत माणसं. घरी आलो अन् तीन वर्षं चर्चच्या पायरीवर बसलो. प्रभुभोजनाची भाकर घेतली न्हाई."

"दुश्मनासाठी रडतो का रे, म्हाताऱ्या?" हळदीच्या अडत्याच्या पोरानं पहिला हात टाकला. मग बाकीचे तुटून पडले. काकांचा उजवा डोळा गेला.

ते पायरीवर बसणं काकांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. युद्ध न्यायाचं असलं तरी ज्याच्या हातून माणूस मेला त्या शिपायानं काही काळ चर्चमधल्या त्या पवित्र भाकरीपासून दूर राहावं, असा ख्रिस्ती लोकांतला फार जुना दंडक पाद्रीसाहेबांनी त्यांना सांगितला होता. सक्ती कुणाचीच नव्हती. गल्लीतले टोमणे मारायचे, "हवालदार, आज तरी आत जागा भेटली का?" काका म्हणायचे, "देवाला घाई न्हाई, मला बी न्हाई."

आम्हाला मात्र घाई होती. काका दवाखान्यातून आले त्याच दिवशी आम्ही गल्लीतल्या तरुण संघटनेची पोरं रॉकेलचा डबा घेऊन अडत्याच्या गोदामाकडे निघालो. डोळ्याला पट्टी बांधलेले काका गल्लीच्या तोंडाशी आडवे झाले.

"गोदामात कोण राहतंय?"

"राखणदार."

"अन् त्याची बायको, पोरगं. त्यांनी मारलं का मला?"

"मग त्याला सोडून द्यायचं, काका?"

"सोडा कोण म्हणलं? आधी फौजदारी करा. ज्यानं मारलं त्यालाच धरा. अन् आत गेला तर पेढे वाटू नका."

डबा आम्ही खाली ठेवला. पेढ्यांचं मी कबूल केलं नाही; आजही करत नाही.

फिर्याद दिली. जबाब द्यायला टपरीवरचा एकही माणूस आला नाही. कुणी गावाला गेलेलं, कुणाला त्या दिवशी नेमकं दिसलंच नव्हतं. २००३ साली काका वारले. अडत्याचं पोरगं मयतीच्या वाटेवरून मोटारसायकल घेऊन गेलं, हॉर्न वाजवत.

खटला अजून चालू आहे. टपरीवरच्या मंडळींनो, तुम्ही त्या दिवशी तिथं होतात, हातात चहा धरून बघत होतात. येत्या तारखेला कोर्टात या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहा आणि त्याचं नाव घ्या.