ओळीतली रिकामी जागा

ती ओळ मला आजही तोंडपाठ आहे, आणि ती आठवली की तिच्यामागून तो सगळा तपास आठवतो. नोकरीत मी पुढे बरेच गुन्हे उघडकीस आणले. काहींबद्दल शाबासकी मिळाली. या तपासाबद्दलही मिळाली होती. शाबासकीचा तो कागद मी कधी कुणाला दाखवला नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वडील नगरात मागावर बसायचे. दोन वर्षं पुण्यात मराठी आणि इतिहास शिकलो, पुढचं झेपेना म्हणून पोलिसात अर्ज टाकला आणि नाशिकच्या ट्रेनिंग स्कूलमधून फौजदार होऊन बाहेर पडलो. पुस्तकी ज्ञानाचा थोडा अभिमान होता. आपलं काही चुकेल आणि लोक हसतील ही धास्ती त्याहून जास्त होती.

ठाणं नगर-मनमाड रस्त्यावर होतं. बेचाळीसची धामधूम ओसरत आली होती, पण लढाई चालू होती आणि सरकारला माणसं हवी होती. भरतीचा हवालदार बाजाराच्या दिवशी बाजा घेऊन गावोगाव फिरे. कोल्हारच्या बाजारात तो तासभर बाजा वाजवून एकही पोरगा न घेता परत गेला. भाजी विकणाऱ्या बायकांनी एक गाणं धरलं होतं, आणि बाजाभोवती जमलेली पोरं ते ऐकून एकेक करून निघून गेली. हवालदाराने ठाण्यात तक्रार दिली आणि बाजारात सापडलेला एक कागद पुढे ठेवला. कार्बन लावून हाताने काढलेली प्रत होती. अक्षर मुद्दाम सुटं काढलेलं, कुणाचंही असू शकेल असं.

जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. गाणाऱ्या शंभर असतील, रचणारा एकच असेल, तो पाहिजे.

मी तो कागद दिवसभर वाचला. लिहिणाऱ्याने बोली तशीच ठेवली होती, प्रवरेला परवरा.

परवरेच्या पान्यावानी बाळ गेला, मागं न्हाई आला,
कुनाच्या भांडनापाई माझा दिवा इझून गेला.

अशा आठ-दहा ओळी होत्या. सगळ्या एका वजनाच्या, एका दमात म्हणता येणाऱ्या. फक्त शेवटची ओळ अडखळत होती: “म्हणतो, आयांनो, लेक लढाईला देऊ नका.” कोण म्हणतो ते नव्हतं. म्हणताना तिथे जीभ नसलेल्या पायरीवर पाऊल पडावं तशी पडायची.

आमचे जमादार वयाने मोठे, बेलवंडीकडचे. मी टेबलावर बोटं वाजवत ओळी मोजतोय हे पाहून म्हणाले, “रावसाहेब, कालेजात हेच शिकिवत्यात व्हय? चोराच्या पावलाचा माग आमी काढतो. तुमी गान्याचं पाय मोजा.”

मी म्हटलं, “जमादार, शेवटच्या ओळीत कवी आपलं नाव घालतो. अभंगात घालतो, पोवाड्यात घालतो. इथे नाव होतं आणि ते काढून टाकलंय. रचणारा सापडू नये म्हणून.”

जमादारांची चेष्टा थांबली. मला फार बरं वाटलं. कॉलेजात शिकलेलं काही पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं.

ठाण्याला खबर देणाऱ्यांत एक कासार होता. बांगड्यांचा पेटारा घेऊन तो गोदावरीच्या काठापर्यंत फिरायचा. मी त्याला ते गाणं कुठे ऐकलंस का विचारलं.

“ऐकलंय की. बांगड्या भरताना बाई हात माझ्याकडं देती आन् तोंड शेजारणीकडं. मला समदं ऐकू येतं.”

“शेवटची ओळ नीट ऐकून ये. जिथे कागद पोहोचले नाहीत अशा गावी जा.”

आठ दिवसांनी तो पुणतांब्याहून परत आला. तिथे कोल्हारकडून नांदायला आलेल्या एका सुनेने ते गाणं आणलं होतं. तिच्याकडून ऐकून घाटावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणत होत्या. त्यांच्या ओळीत जागा रिकामी नव्हती. तिथे एक तीन अक्षरी नाव होतं, आणि त्यापुढे ‘म्हणतो’. त्यापुढचे शब्द मी विचारलेच नाहीत. नाव ख्रिस्ती होतं.

कोल्हारजवळच्या एका खेड्यात मिशनची शाळा होती. तिथल्या पोलीस पाटलाला मी बोलावून विचारलं, या नावाचे इसम गावात किती?

“दोन. एक मिशनचे मास्तर. दुसरा त्या विधवा बाईचा पोरगा, पन तो मागल्या साली लढाईत मेला. तार आल्ती.”

मी डायरीत दोन्ही नावं लिहिली आणि दुसऱ्यावर काट मारली. मेलेला माणूस गाणं कसं रचेल? ती काट मला अजून दिसते.

मास्तर पन्नाशीचे, एकटे, दम्याने खंगलेले होते. पंचांसमक्ष खोलीची झडती घेतली. एक हार्मोनियम, मुलांच्या वह्या आणि कार्बनचे दोन वापरलेले कागद मिळाले. कार्बनवर काही वाचता येईना. गावातली माणसं दाराशी उभी होती. बहुतेकांनी मास्तरांना हात जोडून सलाम केला. एक बाई तेवढी जोत्याला टेकून, आमच्याकडे पाठ करून उभी होती.

ठाण्यात मास्तर गाण्याविषयी काही बोलेनात. मारहाण मला करायची नव्हती, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकून जमादारांनीही तो विषय काढला नाही. दोन दिवस ते चौथीच्या वर्गाची चौकशी करत राहिले. किल्ली कुणाकडे दिली, हजेरी कोण घेतं. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “साहेब, गाणाऱ्या बायकांना धरणार का?”

“नाही. रचणारा मिळाला की कागद बंद.”

“नक्की?”

“वरचा हुकूमच तसा आहे.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चौथीच्या वर्गाचं विचारलं. तेव्हा मी माझा डाव टाकला. तो मला कसा सुचला हे सांगितलंच पाहिजे. कॉलेजच्या मासिकात माझी एक कविता छापून आली होती. तिच्यातल्या दोन ओळी माझ्या नव्हत्या. मागावर धोटा फेकताना वडील त्या गुणगुणायचे. प्राध्यापकांनी वर्गात त्याच ओळी वाचल्या आणि “कल्पना अगदी नवी आहे, कुठून सुचली?” असं विचारलं. मी म्हणालो, “सुचली.” पुढे एका मुलाने गमतीत म्हटलं, कुठून तरी उचलली असशील. मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. लिहिणाऱ्याला कुठे बोट लावलं की झोंबतं, हे मला चांगलं माहीत होतं.

मी म्हणालो, “मास्तर, हे गाणं तुमचं नाहीच. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला असं सुचायचं नाही. दळणाऱ्या कुणा बाईचं तुम्ही चोरलंय. उद्या सगळ्या गावाच्या बायका इथे आणतो आणि एकेकीला विचारतो.”

मास्तर ताडकन उभे राहिले.

“कुणालाही आणू नका. गाणं माझं आहे. अक्षर न् अक्षर माझं आहे. कागदही मीच लिहिले. लिहून घ्या.”

मला वाटलं, कवीचा अभिमान बोलला. पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तिथेही त्यांनी तेच सांगितलं, सावकाश, वर्गात शुद्धलेखन सांगावं तसं. त्यांना सव्वा वर्षाची सक्तमजुरी झाली. बाहेर पडताना जमादार माझ्या कानाशी म्हणाले, “रावसाहेब, लईच सोपं झालं.” ते कौतुक आहे असं मी धरलं.

सातव्या महिन्यात मास्तर तुरुंगात वारले. दम्याने.

जप्त केलेल्या वह्या आणि हार्मोनियम परत करायचं राहिलं होतं. नातेवाईक कुणी नव्हते. मुद्देमाल शाळेत पोहोचवावा म्हणून मी स्वतःच त्या खेड्यात गेलो. वह्या देऊन निघालो, तेव्हा झडतीच्या दिवशी पाठ करून उभी असलेली ती बाई शाळेच्या दाराशी आली. पाटलाने सांगितलेली ती विधवा हीच. लढाईत गेलेल्या मुलाची आई.

तिने विचारलं, “त्या वह्यांत माझ्या पोराचं गानं हाय का?”

“कुठलं गाणं, मावशी?”

“परवरेच्या पान्यावानी.”

मी म्हटलं, “ते मास्तरांचं गाणं.”

“मास्तरांचं?” ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “तार आली त्या सकाळी दळन घेतलं. रडाया येईना, तर जात्यावर त्वांडातनं निघालं ते. रोज निघायचं. मास्तर उंबऱ्यावर बसून लिवून घ्यायचे. म्या बसू दिलं. भरतीचा दाखला त्यांनीच लिवून दिल्ता ना माझ्या पोराला. म्हनलं, ऐका आता.”

मी तिथेच पायरीवर बसलो. तिला विचारलं, “शेवटची ओळ कशी होती?”

ती गायली नाही, नुसती बोलली. आधी मुलाचं नाव, आणि पुढे, “म्हनतो आई, आता वाट पाहू नगं.”

मला जे नाव रचणाऱ्याचं वाटलं होतं ते मेलेल्या मुलाचं होतं. जात्यावर बसणारी बाई स्वतःचं नाव घालत नाही. ती भावाचं घालते, लेकाचं घालते, ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचं घालते. हे माझ्या आईनेही केलं असणार. मी अभंग शिकून आलो होतो, आणि घरातलं जातं विसरून.

“दोघांचं नाव एकच कसं?” मी विचारलं.

“मास्तर नवे आल्ते गावात, तवा ह्यो झाला. ह्याच्या बापाला मास्तर लई आवडायचे. त्यांचंच नाव ठिवलं.” मग तिचा आवाज बदलला. “आन् त्यांनी काय केलं? माझ्या पोराचं नाव काढलं गान्यातनं. वरनं आपलंच बोलनं घातलं, लेक देऊ नका म्हनून. माझं रडनं उचलून बाजारात नेलं. तवापास्नं मी त्यांच्याशी बोलले न्हाई. तुमी त्यांना नेलं, तवाबी न्हाई.”

तिला मुलामागे लढाईची पेन्शन होती. ती, सून आणि सुनेचं एक लहान लेकरू तेवढ्यावर जगत होती. सरकारविरुद्धच्या गाण्यात तिच्या मुलाचं नाव सापडलं असतं तर आधी पेन्शन गेली असती, मग ती तुरुंगात गेली असती. मास्तरांनी नाव का काढलं हे मला आत्ता कळत होतं, आणि ते कळवणारा मीच उरलो होतो.

मी तिला ठाण्यातला तिसरा दिवस सांगितला. बायकांना आणतो असं मी म्हटलं, आणि मास्तर कसे उठले, काय म्हणाले, सगळं. माझा डाव होता तोही सांगितला. ती ऐकत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

शेवटी म्हणाली, “मंग ते चोर न्हाईत.”

“नाहीत.”

“आता ते गानं म्हनलं तर तुमी धराल का, सायेब?”

कायदा अजून तोच होता. मी म्हणालो, “म्हणा. नावासकट म्हणा.”

“नाव घालते,” ती म्हणाली. “दोघांचं एकच हाय. वायलं कुठं करू.”

त्या दिवाळीला घरी गेलो, तेव्हा कॉलेजचं ते मासिक ट्रंकेतून काढून वडिलांना वाचून दाखवलं. त्या दोन ओळी वाचल्या, खाली छापलेलं माझं नाव वाचलं, आणि म्हटलं, “या तुमच्या आहेत. मी माझ्या म्हणून दिल्या.” वडिलांनी धोटा हातात धरून ठेवला. “माझ्या कुठल्या रे,” ते म्हणाले. “माझा आजा म्हनायचा. त्यानं कुनाकडनं घेतल्या, देवाला ठाऊक.” आणि पुन्हा विणायला लागले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, हे अजूनही नीट मांडता येत नाही. चोरीला गेलेल्या भांड्याचा मालक शोधावा तसा मी गाण्याचा मालक शोधत होतो. कॉलेजात मी दुसऱ्याच्या ओळी माझ्या म्हटल्या आणि माझा मान वाढला. मास्तरांनी एका बाईच्या ओळी आपल्या म्हटल्या आणि त्यात त्यांचा जीव गेला. म्हणणं दोघांचं एकच होतं, “माझं आहे.” दोन्हींतला फरक ओळखणं हेच माझं काम होतं, आणि तो मला ऐकू आला नाही.

ती शेवटची ओळ मी इथे पूर्ण लिहू शकलो असतो. आता कुणाला भीती नाही. ती बाईही गेली. पण मी जागा रिकामीच ठेवली आहे, मास्तरांनी ठेवली होती तशी. त्यांनी ती एका बाईला वाचवण्यासाठी ठेवली होती. मी ती दिवसभर वाचत बसलो होतो, आणि मला ती वाचता आली नाही.