शेवटची वीत

गराजचं दार वर सरकलं की आधी वास येतो. ओल्या सालपटांचा, खताचा, आणि त्या दोहोंच्या तळाशी दडून बसलेल्या जुन्या तेलाचा. मेलबर्नच्या हिवाळ्यात, उपसागरावरून येणारं वारं दाराच्या फटींतून आत शिरलेलं असताना, तो वास इतका गार आणि दाट होतो की दिवा लावण्याआधीच मला कळतं, ती तिथे आहे आणि खाली बसलेली आहे. सकाळी मी ती कमरेइतकी वर करून ठेवलेली असते, आणि दुपारी पाहावं तर खाली. कारण मला चांगलं ठाऊक आहे. तेल अडवून धरणारं तिचं रबरी सील झिजलं आहे, त्यातून तेल मुंगीच्या पावलानं मागे परततं, आणि तेलाबरोबर पाटही उतरतो. यात भुताखेताचं काही नाही. तरी आत पाऊल टाकण्याआधी मी दाराशी थांबतेच.

ती म्हणजे आमची ट्रॉली. चार चाकं, ढकलायला दांडा, पायानं हापसायचं एक पेडल, कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले लोखंडी पाय आणि त्यांवर एक सपाट पाट. पेडल हापसलं की पाट टप्प्याटप्प्यानं वर चढतो, दांड्याजवळची कळ दाबली की लांब सुस्कारा सोडत खाली येतो. मी या देशात अकाउंट्स शिकायला आले आणि पोट भरलं ते कुंड्यांनी. पॉइंट कुकजवळच्या एका नर्सरीत मातीच्या पिशव्या नि झाडं याच ट्रॉलीवरून चढव-उतरव करत माझी उमेदीची वर्षं गेली. महामारीत नर्सरी बंद करायची वेळ आली तेव्हा मालक ग्रेग म्हणाला, "घेऊन जा घरी, मेट, तशीही ती बुडायला लागलीय." मोडीत जायची वस्तू मी हौसेनं घरी आणली. नवऱ्यानं, निनादनं, फोनवरच कपाळाला हात लावला असणार.

फोनवर, कारण निनाद तेव्हा डार्विनमध्ये होता. गॅसच्या प्रकल्पावर काही महिन्यांचं काम म्हणून गेला आणि मध्ये राज्यांच्या सीमा बंद झाल्या. सासू-सासरे उन्हाळ्यापुरते मिरजेहून आले होते, तेही विमानं थांबल्यामुळे अडकले. घरात आम्ही तिघंच उरलो. मी, माई आणि अण्णा. बाहेर कर्फ्यू, घरापासून पाच किलोमीटरचं रिंगण, तोंडाला मास्क, आणि रस्त्याकडेच्या वॅटलच्या झाडाला अंगभर पिवळा बहर. पंचांगात श्रावण होता आणि अंगात दोन स्वेटर. या उलट्या ऋतूंची मला सवय झाली होती, पण माई रोज खिडकीशी उभ्या राहून त्या पिवळ्या झाडाकडे संशयानं पाहत.

अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. पण मिरजेत आमच्या गल्लीला ते ठाऊक होते ते दुसऱ्याच कामासाठी. आपल्याकडे माणसाचा जीव खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवट जवळ आला की त्याला उचलून भुईवर घेतात, मुखात पाणी आणि तुळशीचं पान घालतात, म्हणजे तो जिथून आला त्या मातीला टेकून जातो. हे खाली घेणं म्हणजे अण्णांचा प्रांत. कुणाच्या घरी आजार विकोपाला गेला की निरोप यायचा, "अण्णांना बोलवा." ते जात, उशाशी बसत, श्वासाकडे कान देत, आणि "आता घ्या" म्हणत तेव्हाच चार जण हात घालत. मानेखाली हात नेहमी अण्णांचा. लवकर घेतलं तर माणूस गार फरशीवर ताटकळतो, उशीर झाला तर हातातून सुटतो, आणि दोन्हींत घरच्यांच्या मनाला जन्माची टोचणी लागते, असं ते सांगत. एरवी हे गृहस्थ भयंकर थट्टेखोर. त्यांच्या कॅरमच्या डावात कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही, कारण हरायला लागले की ते पावडर जास्त झाली म्हणून डाव मोडत.

त्या हिवाळ्यात अण्णांचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, मग छातीत पाणी झालं. हॉस्पिटलनं दोनदा सांभाळून पाठवलं, तिसऱ्यांदा डॉक्टर स्पष्टच बोलले. अण्णा म्हणाले, मला तिथे एकट्याला ठेवू नका, जे व्हायचं ते घरी होऊ दे. भाड्याचा उंच पलंग बैठकीच्या खोलीत आला, आणि दिवसाआड एक नर्स निळ्या गाऊनमध्ये येऊन जायला लागली. माईंना वेगळाच घोर लागला. आयुष्यभर ज्यानं लोकांना खाली घेतलं त्याला कोण घेणार? अण्णांचा देह धिप्पाड, माई चिमणीएवढ्या, माझी कंबर कुंड्या उचलून कामातून गेलेली. ग्लेन वेव्हर्लीला आमची चार जिवाभावाची मंडळी होती, हाक मारली तर धावत आलीही असती, कारण सांगून परवानगीही मिळाली असती. पण शहर ओलांडून यायचं, आणि ती वेळ काही फोन करून येत नाही. माई रात्रंदिवस तेच एक बोलत. "मला बाकी काही नको गं शुभदा, एवढं पलंगावर जाऊ देऊ नकोस त्यांना."

तोड काढली ती अण्णांनीच. बरे होते तोवर ते गराजच्या दाराशी उन्हात खुर्ची टाकून बसत आणि मी ट्रॉलीवरून अंगणातल्या कुंड्या उतरवताना बघत. एकदा म्हणाले होते, "हिला खाली घेता येतं. घाई नाही, हिसका नाही. आमच्या गल्लीत असती तर माझी गरज उरली नसती." तेव्हा आम्ही हसलो होतो. आता पलंगावरून, श्वास जोडत जोडत, ते म्हणाले, "शुभदा, ती आण आत. मी हिच्यावरून उतरतो."

मग आमची तालीम झाली. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो आणि हसूही येतं. मी ट्रॉली घासूनपुसून खोलीत आणली, तिच्या आखूड पाटावर कपाटाची लांब फळी घट्ट बांधली, त्यावर घडी घालून घोंगडं पसरलं आणि पाट पलंगाला भिडवून उंची जुळवली. चादरीसकट माणूस कसा सरकवायचा ते नर्सनं आधीच शिकवलं होतं. अण्णा उशीवरून हुकूम सोडत होते. चाकांना ब्रेक लाव. कळ एकदम दाबू नकोस, वाट दे थोडी थोडी. मी रिकामा पाट उतरवून दाखवला. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर येऊन अडला, कारण त्याखाली त्याचेच पाय घडी होऊन बसतात. माईंचा चेहरा पडला. अण्णांनी मान कलती करून ते अंतर नीट पाहिलं. "यंत्राचं काम तिथवर," ते म्हणाले. "उरलेली वीत तू बघ."

माईंना भुई सारवलेली हवी होती. इथे काँक्रीटवर लाकडाचं सोंग घेतलेल्या पट्ट्या. शेवटी मी गराजमधली शेणखताची पिशवी फोडली, ग्रेगच्या नर्सरीतलीच, आणि माईंनी पाण्यात कालवून पलंगाशेजारी एक चौकोन सारवला. घरभर गोठ्याचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी नर्सनं मास्कमधूनही तो हुंगला, चौकोनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "नो वरीज" म्हणून ती वळसा घालून गेली.

वेळ आली ती एका स्वच्छ दुपारी. पाऊस उघडला होता, पडद्यातून आलेलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी पडलं होतं, आणि शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं, त्याचा हिरवा वास आत येत होता. अण्णांचे डोळे सकाळपासून मिटलेले. श्वास लांब लांब पडायला लागला, आणि दोन श्वासांमधल्या जागेत मी माझाच श्वास धरून बसायला लागले. "आता घ्या" म्हणणारा माणूसच पलंगावर होता. माईंनी माझ्याकडे पाहिलं, मी माईंकडे. मग माईच उठल्या आणि म्हणाल्या, "घे."

ब्रेक लावलेले होते, उंची जुळलेली होती. चादरीला धरून आम्ही दोघींनी त्यांना फळीवर घेतलं. कसं घेतलं ते देव जाणे. मी दांड्याशी गेले. माई पलीकडच्या बाजूनं वाकल्या, एक हात मानेखाली, एक छातीवर. मी कळ दाबली आणि तो सुस्कारा सुरू झाला. पाट उतरू लागला, त्याच्याबरोबर माई वाकत गेल्या. खोलीत एकच आवाज होता, आणि तो यंत्राचा की अण्णांचा ते मला कळेना. माझी नजर कळीवर खिळलेली, कारण हिसका बसू द्यायचा नव्हता. पाट तळाला टेकला. आवाज थांबला. मग आम्ही चादर ओढून त्यांना ती शेवटची वीत उतरवलं, आधी पाय, मग कंबर, मग खांदे, आणि मानेखालचा माईंचा हात सर्वांत शेवटी. मी तुळशीचं पान ठेवलं, पाणी घातलं. पाणी ओठांच्या कडेनं ओघळून शेणाच्या चौकोनावर उतरलं. अण्णा गेलेले होते.

पण कुठे? पलंगावर नक्की नाही. भुईवर? की पाट उतरत असताना, मधेच कुठेतरी? मी त्या क्षणी कळीकडे पाहत होते.

निनादचा फोन आला. पडद्यावर त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता, मागे डार्विनचं आंधळं करणारं ऊन. रडता रडता त्यानं पहिला प्रश्न केला तो हाच. "वेळेवर खाली घेतलं ना गं?" माईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "घेतलं. भुईवर होते." पुढे मिरजेहून ज्यांचे ज्यांचे फोन आले त्यांना सर्वांना तेच सांगितलं गेलं. मीही सांगितलं. परदेशात, दोघी बायकांनी, असल्या काळात, असं म्हणून लोक आमचं कौतुक करत, आणि दर वेळी मला ती वीत आठवत असे.

त्यानंतर ट्रॉली गराजमध्ये गेली आणि माझ्या मानगुटीवर बसली. टाकवत नव्हती, वापरल्याशिवाय राहवत नव्हतं. सकाळी कुंड्या भरायला पाट वर करावा, फोन आला म्हणून आत जावं, परत येऊन पाहावं तर तो काहीही न बोलता उतरलेला. कुणीतरी अजून उतरतं आहे आणि भुईला पोचत नाही, असं वाटायचं. ग्रेग म्हणाला, दहा मिनिटांत सील बदलून देतो. मी नको म्हटलं, आणि का नको म्हटलं ते मला सांगता आलं नाही. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ज्यांना ठाऊक असेल त्या माई माझ्यासमोर शेंगा सोलत बसलेल्या असत. छातीवर हात त्यांचा होता. निनाद परत आला, झाडांचे बहर येऊन गेले, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर काय केलं असतं, याचीच भीती होती.

शेवटी विमानं सुरू झाली. माईंच्या जाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी गराजमध्ये त्यांच्यासाठी बॅगा उतरवत होते. माई दारात आल्या. उन्हात अण्णांची खुर्ची होती, तीवर बसल्या नाहीत, सरळ ट्रॉलीपाशी आल्या.

"वर कर गं जरा," त्या म्हणाल्या.

मी पेडल हापसलं. पाट पलंगाच्या उंचीला आला तशी त्यांनी हात केला, पुरे. मग त्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि रिकाम्या पाटावर त्यांनी तळवा ठेवला, अगदी त्या दिवशीसारखा. मला न सांगताही कळलं. मी कळ दाबली. सुस्कारा सुरू झाला, पाट उतरू लागला, त्याच्याबरोबर माई वाकत गेल्या. या वेळी माझी नजर त्यांच्या हातावर होती. हात गुडघ्याच्या थोडा वर आला असेल नसेल, तोच त्या म्हणाल्या, "थांब. इथं."

मी कळ सोडली.

"इथं गेले ते," माई म्हणाल्या. इतके दिवस जवळ ठेवलेली वस्तू जागेवर ठेवावी तशा त्या बोलल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी न जाणण्याचं ओझं एकटीच वाहते आहे अशी माझी समजूत होती, आणि या बाईनं माझ्यासमोर बसून, शेंगा सोलत, जाणण्याचं वाहिलं होतं. निनादला हे सांगायचं की नाही, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"खालीच निघाले होते ना गं," त्या म्हणाल्या.

कळ तर मी सोडली होती, पण झिजलेल्या सीलला थांब म्हटलेलं कळत नाही. माईंच्या तळव्याखाली पाट आपल्या गतीनं उतरतच होता, दिसेल न दिसेल असा. त्यांनी हात काढला नाही. मीही पलीकडून वाकले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. लोखंड गार होतं, फटीत कुठल्याशा कुंडीची माती अडकलेली होती. खाली ती वीत उरणार होती, ती आम्हा दोघींना माहीत होती. आम्ही वाकून उभ्या राहिलो, आणि पाटाला घाई करावी असं कुणालाच वाटलं नाही.