बुधवारचा हमूर

मी आयुष्यात एकदाच शिकारीला गेलो, आणि तेसुद्धा बायकोने घराबाहेर काढलं म्हणून.

दोन हजार आठचा डिसेंबर होता. दुबईत क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या आणि क्रेनखालची माणसं घरी बसली होती. त्यातला एक मी. वीस वर्षांचा अनुभव असलेला प्लॅनिंग इंजिनिअर, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार याचे रंगीत तक्ते बनवणारा माणूस. (माझी नोकरी कधी संपणार, एवढंच काय ते तक्त्यात नव्हतं.) व्हिसा रद्द झाला होता. तीस दिवसांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर मुलीची, इराची, शाळा अर्ध्यावर सोडून मुंबईचं विमान धरून ठाणं गाठायचं. त्यातले चौदा दिवस मी सीव्ही पाठवण्यात घालवले. सगळीकडून एकच उत्तर येई, "इन्शाल्ला, जानेवारीनंतर."

उरलेल्या वेळात मी अल मनखूलचा आमचा फ्लॅट सुधारायला घेतला. मसाल्याचे डबे बाराखडीप्रमाणे लावले. कुठली भाजी कुठल्या दिवशी संपवायची, याचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. पंधराव्या दिवशी मी बायकोला, म्हणजे वर्षाला, कुकरची तिसरी शिट्टी कालच्यापेक्षा उशिरा झाल्याचं लक्षात आणून दिलं. तिने शांतपणे गॅस बंद केला.

"श्री, तू मासे पकडायला जा."

"आत्ता?"

"रविवारी जा. हौसेने आणलेला गळ कपाटावर धूळ खातोय. माझी गाडी घे, तंबू घे, रास अल खैमाला जाऊन चार दिवस समुद्राकडे बघ. इथे बसून फोनकडे बघत राहिलास तर आपण दोघंही वेडे होऊ."

मग ती शेजारी येऊन बसली. "फक्त बुधवारी संध्याकाळी परत ये. गुरुवारी माझं मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन आहे. शारजाहून परबवहिनी येणारेत हळदीकुंकवाला. त्यांच्या मिस्टरांची कॉन्ट्रॅक्टिंगची कंपनी आहे आणि ते अजून माणसं घेतायत म्हणे. वहिनींना न्यायला ते येतील, तेव्हा तू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा हवास. कळलं?"

कळलं होतं. ते गुरुवार ती कोणासाठी करत होती, हेही कळलं होतं. 

नऊ वर्षांची इरा मात्र स्पष्ट बोलली. "बाबा, बट यू डोन्ट नो हाऊ टू फिश."

"शिकेन की."

"आय टोल्ड माय क्लास यू आर अ हंटर नाऊ. सो प्लीज, गेट समथिंग."

ऑफिसने मला जास्तीचा माणूस ठरवलं होतं. मुलीच्या वर्गात तरी ती वेळ येऊ नये, म्हणून मी ठरवलं की मासा घेतल्याशिवाय परतायचं नाही.

मी तयारीत कमी पडलो असं कोणी म्हणू नये. चार दिवस एकट्याने काढायचे, मन खचता कामा नये, म्हणून मी वेळेचा तक्ता बनवला. साडेपाचला उठणे. सहाला गळ टाकणे. सव्वासहाला सूर्यनमस्कार. सातला चहा आणि वर्षाने दिलेला चिवडा. मग वाचन (नोकरीवरून काढताना एचआरने भेट दिलेलं यशस्वी होण्याचं पुस्तक), मग पाढे, मग आत्मचिंतन. आत्मचिंतनाला वीस मिनिटं ठेवली होती. नियम एकच, एका दिवसाचं काम पूर्ण झाल्याशिवाय पुढचा दिवस सुरू करायचा नाही.

पहिल्या दिवशी पुस्तक दुपारी बारालाच संपलं. यशस्वी होण्यासारखं त्यात फार काही नव्हतं. उरलेला वेळ मी दर अर्ध्या तासाने वर्षाला फोन करून, मला अजिबात कंटाळा येत नाही, असं सांगण्यात घालवला. सोमवारी दुपारी फोनची बॅटरी संपली. चार्जर घरी राहिला होता. (यादीत 'चार्जर'समोर टिक होती. यादी माझीच.)

शेजारच्या खडकावर एक पेशावरचा म्हातारा येऊन बसायचा. सिमेंटचा ट्रक चालवायचा, पण मंदीने त्याचाही ट्रक उभा होता. त्याला सगळे खानचाचा म्हणत. गळ पाण्यात सोडला की तो काहीही करत नसे, आणि त्याची बादली मात्र रोज भरलेली. माझ्या गळाची आमिषं मासे सभ्यपणे काढून खात होते. सोमवारी दुपारी तर मी पाढे म्हणत राहिलेल्या सूर्यनमस्कारात आडवा असताना गळाची काठीच समुद्राकडे निघाली आणि मला अंगातल्या बनियनसकट तिच्यामागे पाण्यात उडी मारावी लागली.

"भाईसाब," खानचाचा मला वर ओढत म्हणाला, "ये सुबह से क्या बोलते रहते हो?"

"उनतीस का पहाडा."

"मछली सुनता है. खाली बैठो ना."

"खाली कैसे बैठूँ, चाचा?"

"जैसे मैं बैठा है."

हे सांगणं सोपं होतं. रिकामं बसण्याच्या भीतीनेच तर मी घरातले मसाले लावत होतो. मी तिसाचा पाढा सुरू केला.

घोटाळा झाला तो त्याच सोमवारी. त्या उडीनंतर अंग सुकवून मी जरा पडलो, तो अंधार पडेपर्यंत घोरत राहिलो. तिसापुढचे पाढे राहिले, आत्मचिंतन राहिलं. सोमवार अपुरा! नियमाप्रमाणे तो मी दुसऱ्या दिवशी पूर्ण केला आणि तक्त्यातले पुढचे वार एकेक घर सरकवले. साइटवर वीस वर्षं मी हेच केलं होतं. काम मागे पडलं की तारीख सरकवायची. फक्त तिथे रोज सकाळी वर्तमानपत्र यायचं.

अशा रीतीने माझ्या तक्त्यावर बुधवार उजाडला. दुपारपर्यंत सगळी कामं संपली. चिवडा संपला, पाढे संपले, सुधारायला काही उरलं नाही. मासा नव्हताच. तेव्हा मी पहिल्यांदा नुसता बसलो. आणि जी भीती मी तीन आठवडे कामात गुंडाळून ठेवली होती ती एकदम अंगावर आली. पोरीची शाळा सुटेल. वर्षा काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही. मला रडू आलं. खानचाचा समुद्राकडे बघत राहिला आणि त्याने त्याच्या थर्मासमधला चहा पुढे केला.

चहा अर्धा प्यायलो असेन, तोच काठी वाकली. पुढची वीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. खानचाचाने माझी कंबर धरली होती एवढं आठवतं. शेवटी बाहेर आला तो हमूर, इकडच्या माशांचा राजा, इराच्या दप्तराएवढा. मी खानचाचाला मिठी मारली.

"अच्छा," तो बादली उचलत म्हणाला. "कल जुम्मा है, मैं नहीं आएगा."

बिचाऱ्याला वारसुद्धा कळेनासे झालेत, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं. निघताना किनाऱ्यावर बघतो तर सहकुटुंब माणसं, चटया, कोळशाच्या शेगड्या. बुधवारी सहल? मंदीने लोकांना काय दिवस दाखवलेत, असं मनाशी म्हणत मी गाडी सुरू केली. शारजाच्या रस्त्यावर, शुक्रवारच्या सुट्टीआधी गुरुवारी लागतो तसा ट्रॅफिक लागला. त्याचंही मला नवल वाटलं.

सात वाजता घरी पोचलो. दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग होता. (उद्याची तयारी आजपासून! वर्षा माझ्याहून पक्की प्लॅनर, असं मी कौतुकाने म्हणालोही.) दार उघडंच होतं. मी पाच दिवसांची दाढी, मिठाने ताठ झालेला शर्ट, आणि कल्ल्यात बोटं घालून उंच धरलेला हमूर, असा आत शिरलो.

"घ्या, आली शिकार!"

समोर चौरंगावर घट मांडलेला होता. त्याच्यापुढे पाच सवाष्णी भरजरी साड्यांत बसल्या होत्या. वर्षाचं कुंकवाचं बोट परबवहिनींच्या कपाळापासून चार इंचांवर थांबलं होतं. हमूरच्या शेपटीवरून एक थेंब निघाला आणि रांगोळीवर पडला. परबवहिनींनी पदर नाकाला लावला. मार्गशीर्षात त्यांच्या घरात महिनाभर कांदासुद्धा चिरत नाहीत, हे मला नंतर कळलं.

"बाबा," इरा म्हणाली, "इट्स थर्सडे."

मी वर्षाकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते.

"श्री," ती हळूच म्हणाली, "खाली जा."

मी खाली गेलो. पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभा राहिलो. ज्या एका संध्याकाळी घरी असायला हवं होतं, नेमकी तीच मी घालवली होती. मासा मात्र हातात होता. तेवढ्यात शेजारच्या मोठ्या गाडीची काच खाली झाली.

"हमूर ना तो?" आतल्या गृहस्थांनी चक्क मराठीत विचारलं.

"हो."

"जरा इकडे आणा. लांबूनच. खाणार नाही हो, वास घेतो फक्त. महिना झाला." त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "कुठे मिळाला?"

"रास अल खैमाला. गळाने."

"किती वेळ लागला?"

"पाच दिवस. तक्त्याप्रमाणे चार."

मग त्यांनी तक्ता म्हणजे काय ते विचारलं, आणि लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मी गुप्ते या नावापासून सगळं सांगितलं. पाढे, पुस्तक, उडी, सरकवलेला सोमवार, वर चाललेलं उद्यापन. ते गाडीतून उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून हसत सुटले. ते परबसाहेब आहेत हे मला त्यांच्या हसण्याच्या मध्यावर कळलं. मासा लपवायला जागा नव्हती.

"एकट्याने पाच दिवस?" ते डोळे पुसत म्हणाले. "एका माशासाठी? मध्येच उठून आला नाहीत?"

"उठून जाणार कुठे? रिकाम्या हाताने घरी काय तोंड दाखवणार?"

ते हसायचे थांबले. 

"गुप्ते, माझ्या ऑफिसात चांगली शिकलेली पोरं आहेत. मंजुरीच्या कागदांसाठी त्यांना सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर बसवलं, की अर्ध्या तासात 'खलास, उद्या बघू' म्हणून परत येतात. कामं अडलीत माझी. मला हुशार माणूस नकोय. मला बसणारा माणूस हवाय. रविवारी या. दाढी करून या."

हमूर परबसाहेबांच्या गाडीच्या डिकीत गेला आणि त्या रात्री त्यांच्या साइटवरच्या मेसमध्ये शिजला. साहेब म्हणे अचानक कामाची तपासणी करायला तिकडे गेले होते. मला घरी वरणभात मिळाला. तो वाढताना वर्षा एकदा रडली, एकदा हसली आणि एकदा मला लाटण्याने मारायला धावली. या तिन्ही गोष्टींना मी पात्र होतो.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. इराची शाळा इथेच पूर्ण झाली. मीही त्याच कंपनीत आहे. कार्डावर 'प्लॅनिंग मॅनेजर' छापलेलं आहे, सोनेरी अक्षरांत. पण नवीन पाहुणा आला की परबसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि मोठ्या अभिमानाने ओळख करून देतात, "हे आमचे गुप्ते. हे बसतात."