गुपचूप भेटीचा ताप

नोकरीत माणसाकडं बाकी काही साठो न साठो, किस्से मात्र साठतातच. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते येऊन पडत राहतात. आमच्या वर्कशॉपात तर निम्मे किस्से एकट्या डिसेंबर महिन्यात पडायचे, आणि ते सगळे नाताळच्या गुपचूप भेटीचे!

आता कुठं लग्नाबिग्नात आम्ही जुनी मंडळी भेटलो की हे सांगून पोट धरून हसतो. पण तेव्हा हसू येत नव्हतं. खोटं कशाला बोलू? डिसेंबर उजाडला की महिना नकोसा व्हायचा. शेवटी तर लेथवरच्या हुसेनची नोकरी जायची वेळ आली. कशापायी? तर एका भेटीपायी, जिच्यावर देणाऱ्याचं नाव नव्हतं!

वर्कशॉप आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ऑइल इंजिनाचे बुश आणि बारीकसारीक पार्ट करायचो. साल सत्तरच्या पुढचं. मी इन्स्पेक्शनला, म्हणजे माल मोजून पास-नापास करायला; हातात मायक्रोमीटर आणि कपाळाला कायमची आठी. फोरमन होते सॅम्युएलमामा. माणूस देवभोळा, आवाज मऊ. पूर्वी ते मुंबईच्या एका कंपनीत होते आणि तिथनं हा खेळ घेऊन आले. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या, प्रत्येकानं एक उचलायची, आणि ज्याचं नाव येईल त्याच्या हत्यारांच्या पेटीत नाताळच्या आदल्या दिवशी गुपचूप भेट ठेवायची. कुणी दिली ते मरेपर्यंत सांगायचं नाही.

मुंबईत जमत असेल बाबा. तिथं शेजारच्या खोलीत कोण राहतं ते लोकांना माहीत नसतं. कोल्हापुरात?

पहिल्याच वर्षी गणपा पाटलानं चिठ्ठी उचलली. हा शेपर मशीनवर होता. गडमुडशिंगीचा. पहाटे सायकलला दुधाचे कॅन अडकवून यायचा, रतीब घालायचा आणि मग कामावर हजर. त्यानं चिठ्ठी वाचली आणि तडक हुसेनच्या लेथसमोर जाऊन ओरडला, "हुसेन! तुझी चिठ्ठी मला आलीया! काय पायजे ते आत्ताच सांग, मागनं कटकट नको!"

मामा धावत आले. "अरं गणपा, सांगायचं नसतं!"

"आणि न्हाय सांगितलं तर ह्याला काय पायजे ते मला कळायचं कसं?"

मामांनी ग्रीसच्या डब्याला झाकण लावलं.

*

पुढच्या वर्षी गणपाला तोंड शिवून बसायची ताकीद मिळाली. नाताळच्या आदल्या दिवशी मी सकाळी पेटी उघडली आणि माझा मायक्रोमीटर दिसेना. दिसणार कसा? तो गुळात बुडाला होता!

गुऱ्हाळाचे दिवस. कुणीतरी घाई करून आदल्या संध्याकाळीच काहिलीतला गरम गूळ केळीच्या पानात बांधून पेटीत ठेवला होता. तो रात्रीत पाघळला, सगळ्या हत्यारांवर पसरला आणि थंड होऊन बसला. मुंग्यांची पलटण दाखल झालेली. मी असा भडकलो की लेथवाल्यांनी मशिनी बंद केल्या.

"कुणाचं काम हे?"

सगळ्यांनी माना वळवून गणपाकडं बघितलं. आमच्यात ऊस होता तो ह्या एकट्याचा!

"माझ्याकडं काय बघताय?" गणपा म्हणाला. "गूळ माझा हाय. ठेवला कुणी ते मला काय माहीत?"

तो दिवस मी गरम पाण्यात आणि मग रॉकेलच्या बशीत मायक्रोमीटर धुण्यात घालवला. हुसेन जाता जाता गूळ खरवडून तोंडात टाकत होता आणि वर म्हणत होता, "चव झ्याक हाय साहेब, जरा ग्रीसचा वास येतोय एवढंच."

*

मालकांचंही नाव डब्यात असायचं. मालक म्हणजे अण्णा. माणूस स्वतः टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा. एका जुन्या लेथवर सुरुवात करून त्यानं एवढं उभं केलेलं, आणि अजून कोट घालून फिरताना मशिनीचा आवाज जरा बदलला की जागच्या जागी थांबणार. त्यांची चिठ्ठी ज्याला यायची त्याला दोन घास कमी जायचे.

आमच्याकडं चहा अर्धा कप मिळायचा. ह्यावरनं वर्षभर कुरकुर असायची, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या नाताळात अण्णांनी टेबलावरचं पुडकं सोडलं तर आत एक दांडगा कप! शेर-सव्वाशेर चहा मावेल असा.

केबिनच्या काचेतनं आम्ही बघत होतो. अण्णांनी कप फिरवून बघितला. मग आमच्याकडं बघितलं. एकेकाच्या तोंडावर नजर टेकवत ते शेवटपर्यंत गेले. मी उगाचच एक तपासलेला बुश परत तपासायला घेतला. मग त्यांनी टायपिस्ट कुसुमला हाक मारली. "कुसुम, सगळ्यांला असलंच कप मागव."

आम्ही आरोळी ठोकायचंच बाकी होतं! दोन दिवसांनी नवे कप आले, आणि प्रत्येकाच्या कपात चहा पूर्वी होता तेवढाच, तळाला. गणपानं कप वाकडा करून आत डोकावून बघितलं.

अण्णा मागंच उभे होते. म्हणाले, "कुणीतरी कपाचं सुचवलं होतं, म्हणून कप बदलला. चहाचं कोण काय बोललंच न्हाय!"

*

इथवर हसण्यावारी गेलं. कुसुमच्या वेळी गेलं नाही.

वर्कशॉपात बाईमाणूस ती एकटी. वडील नव्हते, तिच्या टायपिंगवर घर चाललेलं. तिला भेट आली अत्तराची बाटली. ती बिचारी आनंदानं घरी घेऊन गेली. तिचा थोरला भाऊ तालमीत घुमणारा. त्यानं विचारलं, "कुणी दिलं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. अगदी खरं बोलली. पण हे उत्तर कुठल्या भावाला पटणार, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी कुसुम आली नाही. भाऊ आला. गेटवर आमचे हवालदार. पलटणीतनं रिटायर झालेला माणूस, मिशा अशा पिळलेल्या की बघत राहावं. भावानं बाह्या सरसावल्या. "अत्तर कुणी दिलं त्याला भायेर काढा."

आत आम्हाला सगळं ऐकू येत होतं. जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. हवालदार काठी आडवी धरून म्हणाले, "पावणं, आत कुणी न्हाय. समदी घरला गेल्यात."

आणि त्यांच्या पाठीमागं सगळ्या लेथ धडाधडा चालू!

भाऊ दात खाऊन गेला. संध्याकाळी हवालदारांनीच मामांपाशी कबूल केलं. बाईमाणसाला काय द्यायचं ते त्यांना सुचलं नव्हतं. मिशीला लावायचं अत्तर घरात होतं, त्यातलीच नवी बाटली दिली.

मामा आणि मामी तिच्या घरी जाऊन आईजवळ बसले, हातापाया पडले, तेव्हा कुठं कुसुम परत आली. पण नंतर किती दिवस ती मान वर करून कुणाशी बोलत नव्हती. मला मामांचा खरंच राग आला. देणारा लपला आणि घेणारी सापडली! मी तोंडावर म्हटलं, "मामा, बंद करा हे खूळ."

मामा म्हणाले, "पुढल्या वर्षी बघू."

*

पुढल्या वर्षी बाजारातली भेट द्यायला सगळेच घाबरले. म्हणून जो तो जेवणाच्या सुट्टीत रिजेक्ट मालातनं काहीबाही घडवायला लागला. कुणी पेपरवेट, कुणी खलबत्ता. आता गंमत अशी, की वर्कशॉपात जॉब, म्हणजे घडवलेला नग, बघितला की तो कुणाच्या हातचा ते कळतं. हुसेननं केलेला पेपरवेट तर असा चकचकीत, की त्यात बघून दाढी करावी. नाव कसलं लपतंय!

माझ्या पेटीत मात्र गवंड्याचा असतो तसा एक ओळंबा आला, तो कुणाचा ते कळेना. मी सवयीनं मायक्रोमीटर लावला. गोलाई चुकलेली. तोंडातनं एक शिवी हासडली, लाल रंगाची फुली मारली आणि रिजेक्टच्या डब्यात टाकून दिला.

मामांनी बऱ्याच वर्षांत लेथला हात लावला नव्हता. फक्त माझ्यासाठी लावला होता.

ते डब्याजवळ आले, ओळंबा उचलला, लाल फुली बघितली. मी गार पडलो. फोरमनची भेट रिजेक्ट! मामांनी तो हलकेच परत डब्यात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या शास्त्रात समद्यांला माफ कराय सांगितलंय. पर त्यात इन्स्पेक्शनवाला कुठं लिवलेला न्हाय!"

*

आणि मग ते वर्ष आलं.

गनमेटल म्हणजे बुशाची महागडी धातू. ती आमच्याकडं वजनात सारखी कमी भरायला लागली. अण्णा पेटले. गेटवर नोटीस लागली आणि त्यांनी ती स्वतः वाचून दाखवली. धातूचा तुकडा, मग तो भंगारातला का असेना, गेटबाहेर सापडला की तो माणूस कामावरनं कमी. मामांनी सगळ्यांना बजावलं, भेटी बाजारातनंच आणा.

त्याच सुमाराला गणपाची म्हैस उसात शिरून हरवायची. ह्याच्या त्याच्या फडात हुडकत फिरायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला रडगाणं ऐकवायचा. चिठ्ठीत गणपाचं नाव आलं हुसेनला.

हुसेन मुल्ला पूर्वी इचलकरंजीला यंत्रमागावर होता. तिथलं काम सुटल्यावर इथं आला. लेथ त्याला खुद्द अण्णांनी शेजारी उभं राहून शिकवली. घरात खाणारी बरीच, कमावणारा तो एकटा; बाजारातल्या भेटीला पैसे कुठले?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुटी झाली. गेटवर रांग. हवालदार डबे उघडून बघत होते. गणपा सायकल हातात धरून आला आणि कॅनमधनं आवाज आला, टण्ण!

"काय वाजलं?" हवालदार म्हणाले.

"सायकलची घंटी."

हवालदारांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली. गणपाच्या सायकलीला घंटी नव्हती. ब्रेकसुद्धा नव्हते!

कॅन उघडला. फडक्यात गुंडाळलेली, म्हशीच्या गळ्यात बांधायची गनमेटलची घंटी निघाली. अशी लखलखीत, की कुणाच्या हातची ते विचारायची गरज नव्हती. मी खाली बघितलं. हुसेन माझ्या मागंच उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"पेटीत घावली," गणपा म्हणाला. "कुणी दिली, ठाव न्हाय." आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाच्या पोटात एक नाव राहिलं.

अण्णा आले. त्यांनी घंटीवरनं अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मला हात वळखू येतोय," ते म्हणाले. "पर मी म्हणतोय म्हणून नको. समद्यांच्या देखत होऊ दे. तिन्ही टर्नर लेथवर चला. अशीच घंटी करून दावा. ज्याची हिच्याशी जुळंल त्यो घरला!"

कुणी घरी गेलं नाही. मशिनीभोवती गोळा झालो. पहिल्या टर्नरनं केली, ती जाड झाली. दुसऱ्याची तोंडाशी फाकली. मग हुसेन.

त्याला काय करायचंय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त जॉब बिघडवायचा होता. एवढं केलं की नोकरी वाचली! मामा डोळे मिटून पुटपुटत होते. मी मनात म्हणत होतो, बिघडव लेका, बिघडव!

त्यानं मशीन चालू केली. पहिला कट सरळ आला. सवयीचा हात, ऐकेना. हुसेननं कपाळाचा घाम पुसला, कातायचं टूल मुद्दाम वर चढवलं आणि एकदम आत दाबलं. लेथ किंचाळली. धातू फाटत सुटली. जॉबवर ओरखडे उठायला लागले आणि हुसेन मान दुसरीकडं वळवून दाबतच राहिला. मी नोकरीभर रिजेक्ट माल बघितला, पण चांगल्या हातानं मुद्दाम होताना कधी बघितला नव्हता. मला रडू यायला लागलं.

"बंद कर!" अण्णा ओरडले. "बंद कर म्हणतोय न्हवं!"

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. सगळं शांत झालं. अण्णांनी कोट काढून मामांच्या हातात दिला आणि कोपरानं हुसेनला बाजूला सारलं. टूल नीट लावलं, मशीन चालू केली आणि तो फाटलेला जॉब हळूहळू सावरायला घेतला. आवाज पुन्हा एकसारखा यायला लागला. शेवटचा कट घेऊन त्यांनी घंटी उतरवली, फडक्यानं पुसली आणि गेटवर सापडलेली दुसऱ्या तळहातावर घेतली.

दोन्ही एकाच हातच्या वाटत होत्या. मी मायक्रोमीटर काढला नाही.

अण्णांनी दोन्ही उलट्यासुलट्या करून बघितल्या. मग गेटवर सापडलेली घंटी त्यांनी गणपाच्या कॅनमध्ये टाकली, स्वतःची खिशात घातली, मामांच्या हातातनं कोट घेतला आणि चालू लागले.

गेटवर हवालदारांनी सलाम ठोकला. "मालक, कुठं निघाला?"

"घरला," अण्णा म्हणाले. "माझी जुळली."