आखाजीचं वाक्य
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की मला खडूचा वास येतो. लोधीपुऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत आमचा इंग्रजी बोलायचा क्लास भरायचा. आखाजीच्या तोंडावर एक दिवस सरांनी फळ्यावर ‘शो अप’ लिहिलं आणि म्हणाले, “म्हणजे नुसतं येणं नाही. कोणी वाट पाहतंय, तिथं जाऊन उभं राहणं. आणि हा बोलायचा शब्द आहे, अर्जीत लिहू नका.” सरांचा नियम एकच होता: वाक्य आपल्या घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. धूलकोटचं माहेर असलेली एक नवी सून उठली. आखाजीला भावानं न्यायला यायचं, त्याच्याशिवाय लेकीनं सासरहून निघायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ती हळूच म्हणाली, “लास्ट आखाजी, माय ब्रदर डिड नॉट शो अप.” सर नुसतं “बैठो बेटा” म्हणाले. मग माझा नंबर आला. चांदनी गावात दिलेल्या माझ्या बहिणीला मी सकाळीच फोनवर म्हटलं होतं, “क्लास आहे ना ताई. बघतो, जमलं तर येतो.” मी उठलो आणि म्हणालो, “माय फ्रेंड शोज अप एव्हरी संडे.” असा मित्र मला नव्हताच. सर म्हणाले, “व्हेरी गुड.” त्या आखाजीला मी गेलोच नाही; ताई दोन दिवस पिशवी भरून ओट्यावर बसली होती, हे आईनं नंतर सांगितलं. आता मीच क्लास घेतो. ‘शो अप’ शिकवायचा दिवस आला की पहिलं वाक्य मी सांगतो, आणि ते घरातलंच असतं, ताईच्या त्या आखाजीचं.