तोंड नसलेला फोटो

घणसोली गावात आमचं घर चार मजली झालं, खाली दुकानं आली, वर भाडेकरू आले. पण बैठकीच्या भिंतीवर आजोबांचा फोटो नाही, हे बाबांना कायम सलायचं. बाबांच्या चुलत भावांच्या घरी त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आहे. आमचे आजोबा जन्मभर मिठागरात राबले, कॅमेऱ्यासमोर कधी उभेच राहिले नाहीत. पितृपक्षात बाबा पाटावर आजोबांच्या नावाची सुपारी मांडून तिच्यासमोर पान वाढत आणि मग दिवसभर कोणाशी धड बोलत नसत.

मला त्या सुमारास कलेची बाधा झाली होती. सेकंडहॅण्ड कॅमेरा घेऊन मी मॅन्युअल मोडवर सिल्हूट, म्हणजे उजेडासमोरची नुसती काळी आकृती, काढायला शिकत होते. उजेड मोजायचा तो मागच्या आभाळाचा, आयएसओ शंभरावर ठेवायचा आणि शटर इतकं जलद करायचं की समोरच्या माणसाच्या वाट्याला उजेड उरूच नये. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा भलेपणाने चेहरा उजळून देतो. मला भलेपणा नको होता.

बाबांना मात्र नाक्यावरच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो हवा होता. पांढरा कडक सदरा, गॉगल, गळ्यात चेन अशा थाटात त्यांना मी संध्याकाळी खाडीच्या बांधावर नेलं आणि सूर्य बरोबर त्यांच्या पाठीशी घेतला. "छाती फुगवू नका, गॉगल काढा," असं दहादा सांगितल्यावर ते वैतागले. गॉगल खिशात टाकून, एक हात कमरेवर ठेवून त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात मी बटण दाबलं.

"यात मी कुठं हाय?" स्क्रीन बघून ते म्हणाले. "चेन पन दिसत नाय. लोकांनी वलखायचं कसं?"

मी त्यांना कलेवर व्याख्यान दिलं. गाढवापुढे वाचली गीता, असंही मी मनात म्हणाले, जन्मदात्याबद्दल. बॅनरवर शेवटी भावाच्या मोबाईलमधला फोटो गेला. मग मी हट्टाने माझा फोटो मोठा छापून, फ्रेम करून आणला आणि बैठकीत येताजाता सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

पितृपक्षात पान वाढायच्या दिवशी बाबा आंघोळ करून बाहेर आले आणि त्या फ्रेमपुढे थबकले.

"बा असाच उभा राहायचा," ते हळूच म्हणाले. "मिठागरात खाडीचं पानी आत घेताना."

त्यांनी सुपारी उचलली आणि पाटावर फोटो ठेवला. मग हार मागितला. आईचा चेहराच उतरला.

"जित्या मानसाच्या फोटोला कोन हार घालतं?"

"त्याला तोंड कुठं हाय?" बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच सावलीपुढे हात जोडून उभे राहिले. मला भरून आलं, आणि रागही आला, कारण व्याख्यानात मी हे कुठेच सांगितलं नव्हतं.

फोटो आता भिंतीवर आहे. पाहुणे म्हणतात, आजोबा रुबाबदार होते हो. बाबा मान डोलावतात. आई मात्र हार बदलायच्या आधी एकदा मागे वळून, बाबा सोफ्यावर बसलेत ना, ते बघून घेते.