दीड फुटाची सवलत

रहिमतपूरकरहो, कान देऊन ऐका, प्रसंग गंभीर आहे! मला एक खोली वाढवायची होती आणि हद्दीपासून सोडायच्या जागेत दीड फूट कमी पडत होतं. सवलतीचा अर्ज केला. मोजायला आले नगरपालिकेतले आमचेच शेजारी. टेप दोनदा लावायची, आकडा तीनदा पुटपुटायचा, ही त्यांची जुनी खोड.

"न्हाई बसत, आण्णा. नियम समद्यांना सारखाच."

मी चिडून म्हणालो, "मग तुमची न्हाणी? ती तर हद्दीला चिकटलीय!"

त्यांनी तिथंही टेप लावली, दोनदा. पुटपुटले. मग चक्क स्वतःच्या नावानं न्हाणी पाडायची नोटीस लिहिली आणि घरमालक म्हणून स्वतःच सही करून ती ताब्यातही घेतली.

भिंतीपलीकडून त्यांची बायको ओरडली, "आवं, मग उद्यापासनं आंगुळ काय कचेरीत करणार व्हय?"